अर्धलीनं

आमच्याकडं शेळी अर्धलीनं देतात:
सांभाळ तुझा, करडं निम्मी-निम्मी.
कागद लागत नाही, शब्द पुरतो.
आष्ट्याच्या जमीर मुजावरनं मला कोळी अर्धलीनं दिला.

तासगावच्या स्टँडवर उतरला
तेव्हा श्रीखंडाचा डबा छातीशी धरलेला,
झाकणाला सुईची भोकं.
"उन्हाकडच्या सीटवर बसलो नाही, ताई.
शेवटची कात टाकून तीन आठवडे झालेत.
आता ह्याला भूक नाही. नुसतं चालायचं असतंय."

मी कोल्ड स्टोरेजमध्ये नोंदी करते:
चार अंश, हवेत ओल किती, कुणाच्या बेदाण्याचे किती खोके.
आकडा जरा सरकला की माझ्या मानेला कळतं.
म्हणूनच ती माझ्याकडं सहा वर्षं टिकली असेल,
कुरळ्या केसांची, तळहाताएवढी,
द्राक्षरोपांच्या कोकोपीटमध्ये बीळ करून.
नाव ठेवलं नाही. आई "तुझी ती" म्हणते
आणि त्या खोलीत झाडू मारत नाही.

जमीरनं बजावलेलं, आधी तिला पोटभर घाल,
भुकेलीसमोर नवरा नेऊ नये.
दोन आठवडे झुरळं, रातकिडे,
ती नको म्हणून पुढचे पाय वर करीपर्यंत.

मग रात्री दहाला, दिव्याला लाल कागद लावून
त्याला आत सोडला.
तो जाळ्याच्या कडेला थांबला
आणि वाजवायला लागला,
जसं कुणी बंद दुकानाच्या शटरवर बोटं वाजवावीत
मालक आत आहे हे माहीत असताना.
थांबला. परत.
आतून उत्तर आलं. ऐकू नाही आलं,
डब्याला टेकलेल्या माझ्या बोटांना आलं.

ती बाहेर आली ती सुळे उघडूनच.
त्याच्या पायांना आकडे असतात, ह्याच कामासाठी.
ते त्यानं सुळ्यांत अडकवले, तिला उचलून धरलं,
आणि मी भाकरीचं उलथनं घेऊन उभी,
वेळ आली तर मध्ये घालायला.
दीड मिनिट.
मग सुटला तो थेट भिंतीला.

अडीच महिन्यांनी तिनं कात टाकली.
कातीबरोबर त्याचं साठवलेलं सगळं गेलं, अस्तरासकट.
तोवर तोही डब्यात पाय आखडून संपलेला.
कात पाण्यात भिजवली, साबणाचा एक थेंब,
आणि भिंगाखाली ती रिकामी पिशवी बराच वेळ बघत बसले.
जमीरला फोनवर कसं सांगावं कळेना.
"व्हतंय ताई," तो म्हणाला. "शेळीपण उलटतीच की."

दुसरा नर त्यानं कराडहून मिळवला.
ह्या खेपेला तिनं पांढरी पिशवी विणली, लिंबाएवढी,
पोटाखाली धरून फिरवायची, परत फिरवायची,
माझी सावली पडली तरी पाठ करायची.
एकतिसाव्या दिवशी लांब चमच्यानं
मी ती तिच्याकडून काढून घेतली.
दोन दिवस ती बिळात आणि बाहेर, बिळात आणि बाहेर
शोधत होती.
हे जमीरनं सांगितलं नव्हतं.

आत अंडी नव्हती आता, पाय फुटलेले दाणे होते.
मग दाण्यांचे कोळी झाले, मुंगीएवढे.
रविवारी जमीर आला. रंगाच्या ब्रशनं एकेक उचलून
होमिओपॅथीच्या बाटल्यांत,
एक तुझा, एक माझा, एक तुझा,
जेवणं राहिली, दिवे लागले,
चारशे तेरा.

शेवटच्या बाटलीला दोघांनीही हात लावला नाही.
आई उंबऱ्याबाहेरनंच म्हणाली,
"एवढं काय त्यात? त्याला त्याच्या आईकडं ठेवा."
जमीरनं माझ्याकडं बघितलं.
आम्ही तिला काही सांगितलं नाही.