निर्धारित वेळ

तीनशे चौऱ्याऐंशी किलोमीटर, म्हणाली सुरुची,
रेझोल्यूट ते ग्रीस फियॉर्ड. दीड तास.
मी पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं.
सांगली स्थानकात चौकशीच्या काचेमागं
छत्तीस वर्षं दुसरं काय केलं?
गावांची नावं, मधली अंतरं,
आणि विचारणाऱ्याला एकच उत्तर:
येईल, बसा.

तीनशे चौऱ्याऐंशी म्हणजे आपली मुंबई की गं.
नऊची रातराणी. साताऱ्याला चहा,
खंडाळ्यात कुणीतरी हमखास ओकणार,
उजाडता उजाडता परळ.
तिकडं दोन पंख्यांचं विमान,
निम्म्या सीटा काढून भरलेली दूध पावडर,
डायपर, औषधं, कुणाच्या तरी घराचं नवं दार,
आणि उरल्या जागेत ही, मिरजेत शिकलेली नर्स,
दोन आठवड्यांच्या ड्यूटीला.
म्हणजे एसटीच.
टपावर कोंबड्या नाहीत एवढंच.

वर त्या दोन गावांची घड्याळं वेगळी.
दहाला सुटलेलं विमान साडेबाराला टेकतं;
परत येताना दहाला सुटतं, साडेदहाला हजर.
मी दोनदा मांडून बघितलं.
असलं रजिस्टर माझ्या टेबलावर आलं असतं
तर लाल शाईत खुलासा मागवला असता
ड्रायव्हरचा, कंडक्टरचा आणि सूर्याचाही.

शेजारच्या पोराचा पृथ्वीगोल मागून आणला.
दोन्ही गावं त्यावर छापलेली नव्हती,
पार वर, खिळ्याजवळ, मीच पेन्सिलीनं ठिपके दिले.
शिवणाचा दोरा ताणला: नखाएवढा.
मग सांगलीपासून तिच्यापर्यंत ताणला.
मला वाटलं आडवा जाईल, मुंबई, लंडन असा,
तर दोरा सरळ वर निघाला
रशियावरून, थेट खिळ्याला घासून,
पलीकडं उतरला.
वीतभर. एकही थांबा नाही.

आज चौथा दिवस.
विमान उभंच आहे, इंजिनाला गोधडी घातलीय.
तिकडची पट्टी आखूड, शेजारी डोंगर, वारा उलटा.
दुपारचे बारा आणि मिट्ट काळोख, म्हणाली,
बाबा, दीड तासाचं तर अंतर.

मी गप्प.
पाच सालचा पूर.
ही दहा वर्षांची, सांगलवाडीला मावशीकडं.
आयर्विन पुलावरून चालत गेलं तर
खिशातले शेंगदाणे संपायच्या आत पोचावं.
सहा दिवस मी अलीकडच्या काठाला.
रोज सातला तिचा काका गच्चीवरून
तीनदा बॅटरी लावायचा.
तीनदा म्हणजे पोरगी जेवली.
एकदा दोनदाच लागली. ती रात्र मी कुणाला सांगितली नाही.

त्या आठवड्याच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे:
सांगली ते सांगलवाडी. अंतर दीड कि.मी. वेळ
आणि पुढं कोरं.
साहेबांनी तशीच सही केली.

फोनमध्ये मागून कुणीतरी नावं पुकारली.
थांबा, बहुतेक बोलावतायत, म्हणाली, आणि कट.
दहा मिनिटांनी मेसेज: नाही. उद्या बघू.

येईल, बस, असं लिहिलं. खोडलं.
जेवलीस का, एवढंच पाठवलं.
अंधारात पडद्यावर
तीन ठिपके लुकलुकायला लागले.