जप्त न होणाऱ्या वस्तू

नादारी हा शब्द मला शाळेपासून ठाऊक.
तेव्हा हेडमास्तर वर्गात यायचे, नाव पुकारायचे,
मी उभा राहायचो आणि फी माफ व्हायची.
आता ओरोसला, कोर्टासमोर, झेरॉक्सच्या टपरीमागे
केळुसकर वकीलबाई तोच शब्द वापरतात
आणि त्याची फी घेतात.

कोरा फुलस्केप पुढे सरकवून म्हणाल्या,
"तुमचं म्हणून जे आहे ते लिहा.
काय राहील, काय जाईल, मी मागाहून सांगते."

बर्फाचा कारखाना, आनंदवाडी, देवगड. लिहिलं.
खोडलं. तो बँकेचा.
कंप्रेसर, तोही.
टेम्पो फायनान्सवाल्याने मार्चातच नेला,
डॅशबोर्डवरच्या गणपतीसकट.

मग बाईंनी तोंडपाठ सांगितलं:
अंगावरचे कपडे राहतात. अंथरूण राहतं.
स्वयंपाकाची भांडी. बायकोचं मंगळसूत्र.
हातावर पोट असलेल्याची हत्यारं.
माझी हत्यारं म्हणजे लादी ओढायचे दोन आकडे,
एक टोचा, एक करवत.
"ती कोणी मागणार नाही," म्हणाल्या.
तशी ती कधीच कोणी मागितली नव्हती.

"आणि रोख?"
मी रस्त्यावरच्या एसटीकडे बघितलं.
रोख होती अठरा हजार तीनशे,
कुळथाच्या डब्यात, तळाशी, दुधाच्या पिशवीत.
वैजूने ठेवलेली, मला न विचारता.
मला सापडलेली, तिला न सांगता.
महिनाभर आमच्या घरात
कुळथाची पिठी झाली नव्हती.

"रोख सांगायची. लपवलेली सापडली
तर राहणारं पण राहत नाही.
आणि येणं? कोणाकडून काही येणं?
तीही तुमचीच मालमत्ता."

उधारीची वही पिशवीत होतीच, पाण्याने फुगलेली.
दाजी सारंग, साठ लाद्या. दाजी गेला गेल्या शिमग्यात.
त्याची आवडाबाई जेटीवर बांगडे विकते,
रोज सकाळी पाटीभर चुरा नेते, तोही वहीतच.
जुजे फर्नांडिस, चाळीस. इंजिन बसलं.
मी नावं लिहिली, रकमा लिहिल्या,
आणि शेवटच्या रकान्यात, वसुलीची शक्यता,
सगळ्यांपुढे: बुडीत.
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
"मिथबावकर बंधूंची तर नवी बोट आहे."
ते एक खोडलं. ते देतील. रडत देतील.

रात्री मी डबा ओट्यावर ठेवला, झाकण काढलं.
"अठरा हजार तीनशे लिवचे लागतले."
वैजू भाकरी थापत होती. थांबली नाही.
"सतरा आठशे."
"पाचशेचा काय केलंस?"
"आकड्यांचे मुठी सडले हुते.
सुताराकडसून नये घालून घेतलंय.
सागाचे."
बाईंना फोन केला. त्या बराच वेळ हसल्या.
मग म्हणाल्या, "असू दे,
पण तेही लिहून ठेवा."

मंगळवारी बेलीफ आला.
वीज शुक्रवारीच तोडलेली.
भुशाखाली लाद्या उरल्या होत्या बारा,
कडा गोल झालेल्या, साबणाच्या वड्यांसारख्या.
त्याचे बूट ओले झाले. पेनाचं टोपण दातात धरून म्हणाला,
"बर्फ. नग किती, किंमत किती?"
मी म्हटलं, "लवकर लिहा."

दारात आवडाबाई, डोक्यावर रिकामी पाटी.
तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.
"आज गावात मा रे?"

बेलीफने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला,
पुसतच राहिला.
मी आकडा उचलला. नवी मूठ हाताला अजून परकी होती.

त्याने लिहिलं, अकरा.