छत्तीस महिने

सही करताना पेन चालत नव्हतं.
तेव्हाच समजायला हवं होतं.
पण कॅलम म्हणाला, पेन कशाला, काचेवर बोट फिरवा,
आणि मी फिरवलं, आडवंतिडवं.
लॉरेन लिहिलंय की माशाचा काटा काढलाय, कळेना.
त्याला चाललं.
छत्तीस महिन्यांना चाललं.

आता तोच फोन माझं बोट ओळखत नाही.
तीस वर्षं ग्रिम्सबीच्या गोदीजवळ
हॅडॉकच्या पोटातून सुरी ओढतेय मी.
बर्फात हात, मिठात हात,
बोटांवरच्या रेषा कधीच
त्या पाण्याबरोबर गटारात गेल्या.
'पुन्हा प्रयत्न करा,' म्हणतो.
करते.
'बोट पुसून घ्या.'
अरे, पुसून पुसूनच तर ही गत झाली!

चेहरा दाखवते.
पहाटे चारचा माझा चेहरा
सोळा वर्षांत नवऱ्यालाही ओळखता आला नाही,
याला काय दोष देऊ.

बॅटरी दुपारच्या चहापर्यंत.
रेंज येते ती बाथरूमच्या खिडकीत,
टबच्या काठावर एक पाय ठेवला तर,
आणि समुद्रावरून धुकं आलेलं नसलं तर.
म्हणजे येत नाही.
कॅमेरा मात्र झकास आहे म्हणे, चंद्रावरचे खड्डे दिसतात.
मला चंद्रावर काम नाही.
मला कारखान्यात काम आहे, कधी असतं, कधी नसतं,
आणि आहे की नाही ते
रात्री याच्याच पडद्यावर येतं:
'उद्या सहाला. होय की नाही, दहा मिनिटांत कळवा.'
गेल्या मंगळवारी मी टबच्या काठावर
अंगठा, तर्जनी, मधलं, पुन्हा अंगठा...
अकराव्या मिनिटाला उघडला.
पाळी शेजारच्या दानुताला गेली.
तिचा फोन जुनाट, कोपऱ्यात तडकलेला.
पण हाक मारली की उठतो.

तक्रारीचा फोन करायचा तोही याच्यावरूनच.
चाळीस मिनिटं पियानो ऐकला.
मग एक बाई गोड आवाजात म्हणाल्या,
करार मोडायचा तर उरलेले चौतीस महिने एकदम भरा.
म्हणजे मोडण्यापेक्षा नांदणं स्वस्त.
हे मी आधीही ऐकलंय, आईच्या तोंडून,
दुसऱ्या एका कराराबद्दल.
तो मोडला. स्वस्त नाही पडला.

कारखाना मला पुढच्या शुक्रवारचाही शब्द देत नाही.
घरमालक दोन महिन्यांपलीकडे बोलत नाही.
गुडघ्याबद्दल विचारलं की डॉक्टर म्हणतात, बघू.
तीन वर्षांची हमी माझ्याकडून मागितली
ती फक्त या काचेच्या वडीनं.
ती संपेल तेव्हा मी साठीची असेन.
कुत्रा बहुतेक नसेल.

शनिवारी दुकानात गेले, भांडायलाच,
बसमध्ये दोन वाक्यं पाठ करून.
कॅलम एकटा होता. हीटर बंद, अंगात कोट.
माझं एकेक बोट त्यानं काचेवर टेकवलं,
तान्ह्या बाळाची नखं कापावीत इतकं हळू.
मी सहज विचारलं, "तुझी सुट्टी कधी रे?"
म्हणाला, "रात्री कळतं."
आणि खिशातला फोन दाखवला. हाच. हप्तेही हेच.
पाठ केलेली वाक्यं
मी तशीच घरी परत आणली.

शेवटी करंगळी चालली.
सुरी धरताना ती लांबच राहते, कामचुकार.
तिच्या रेषा अजून शाबूत आहेत,
शाळेतल्या मुलीच्या असाव्यात तशा.
एवढ्या वर्षांत मी कधी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

आता रात्री दहाला मी टबच्या काठावर चढते
आणि याला करंगळी दाखवते.
लगेच उघडतो.
'उद्या काम नाही,' म्हणतो,
मोठ्या, स्वच्छ अक्षरांत,
काय सुरेख रंग आहेत!