फाटकापाशी दोन रात्री

एदेल्मिरामावशीचं घर समुद्र खात चालला होता,
दर भरतीला एक घास.
म्हणून ठरलं, घर टेकडीवर न्यायचं,
मोडून नव्हे, जसंच्या तसं.
चिलोए बेटावर असंच करतात:
बैल जमवतात, शेजारी जमवतात,
घराखाली ओंडके सारतात
आणि ओढतात.

मी दहा वर्षांचा. माझ्याकडं तावदानं काढायचं काम.
"फुटेल ते आधी उतरव," मावशी म्हणाली,
"बाकीचं हादरे सोसतं."
सहा काचा मी घोंगडीत गुंडाळल्या.
मांजर आतच राहिलं,
ते कुणाचंच ऐकत नसे.

सोळा बैल, आठ जोड्या,
पुढं कासरा धरून म्हातारा नाउएलकीन.
एवढे दांडगे बैल, मग इतकं सावकाश का?
त्यानं चौथ्या जोडीकडं बोट केलं.
तिथं एक बैल डाव्या डोळ्यानं आंधळा.
"आज त्याच्या पायानं चालायचं."
एवढंच बोलला
आणि चिखलातून पुढं गेला.

पैसे कुणी घेत नव्हतं.
मी म्हटलं, कोण आलं, कोण नाही, वहीत लिहू का?
मावशी बटाटे किसत होती.
हात न थांबवता म्हणाली,
"लिहिलंस की उधारी होते."

दुपारी पाऊस वाढला.
एक ओंडका रुतला, दोरखंड तुटला,
आणि घर थांबलं
नेमकं रोसामेल बार्रियाच्या फाटकासमोर.

अकरा वर्षं दोघं बोलले नव्हते.
कुंपण हातभर सरकलं होतं,
कुणाचं कुणाकडं, ते आता
त्या दोघांनाही धड सांगता आलं नसतं.
चर्चमध्ये ती उजव्या बाकावर, तो डाव्या.
आणि आज तिचं दार
दहा पावलांवरून त्याच्या दाराकडं बघत होतं,
खिडक्या सताड उघड्या, काचा नसलेल्या.

बायकांनी पदराआड नाही, सरळ तोंडावर हसून घेतलं.
नाउएलकीन म्हणाला, बैल दमलेत, परवा बघू.
बैल तितके दमलेले मला दिसले नाहीत.
त्याला विचारायचं राहूनच गेलं.

घर फिरलं की वासे फिरतात, म्हणे.
त्या रात्री मी आढ्याकडं बघत पडलो:
वासे होते तिथंच होते,
सगळे, मोजून बावीस.
खालची जमीन तेवढी दुसऱ्याची.

सकाळी भर रस्त्यात चूल पेटली,
धुरांड्यातून धूर, जणू इथंच राहतो आम्ही.
पाणी संपलं.
विहीर एकच, फाटकाच्या आत.
मावशीनं बादली उचलली. ठेवली.
शाल घेतली. काढली. परत घेतली.
मला वाटलं मला पाठवेल.
नाही पाठवलं.

काय बोलले ते ऐकू आलं नाही,
पाऊस पत्र्यावर वाजत होता.
दिसलं एवढंच, की तो पाणी शेंदत होता
आणि ती दोराचं दुसरं टोक धरून उभी होती,
ज्याची काही गरज नव्हती.

जेवायला तो आमच्यात बसला.
मिल्काओचा तुकडा मोडून म्हणाला, मीठ कमी आहे.
"तेव्हाही हेच म्हणाला होतास," मावशी म्हणाली
आणि मिठाचा डबा त्याच्यापुढं आदळला.

तिसऱ्या दिवशी त्याची एक जोडी जुंपली.
अठरा बैल झाले.
चाल मात्र तीच,
चौथ्या जोडीची.

मी आता पोर्तो मॉन्तला सातव्या मजल्यावर राहतो.
खालीच, चौथ्यावर, माझा भाऊ ओनोफ्रे.
तीन वर्षं झाली; आईच्या कपाटावरून.
लिफ्टमध्ये दोघंही आकड्यांकडं बघतो.
घर जागचं हलत नाही,
नळाला चोवीस तास पाणी.
काल रात्री उगाच नळ बंद करून
रिकामी बादली हातात घेतली,
जिन्यापर्यंत गेलो,
दिवा आपोआप विझेपर्यंत उभा राहिलो.