चाळिसावी पाचर

केल्ड्रम हाऊसच्या नाचघराखाली
चाळीस स्प्रिंगा होत्या.
मला ठाऊक आहे, कारण माझे वडील
पोटावर सरपटत जाऊन त्या मोजून आले होते.
बाहेर आले तेव्हा भुवयांत जळमटं,
आणि मुठीत कुणाचं तरी मोत्याचं बटण.

त्याआधीचं सगळं ऐकीव.
डनव्हीगन नावाच्या माणसानं
या बेटाच्या पोटातला कोळसा उपसला
आणि त्या पैशातून समुद्राकडे तोंड करून किल्ला उठवला.
दगड स्कॉटलंडचा, सागवान ब्रह्मदेशाचं,
बागेला लाम युक आणि त्याच्यासारखे नव्वद जण,
ज्यांच्या झोपायच्या जागेला
नकाशात नुसतं 'शेड' म्हटलंय.
शिंपले वेचणाऱ्या बायकांची किनाऱ्याची वाट
कुंपणात गेली.
कुंपण घालणाऱ्यांना ती दिसली नसेल असं नाही,
पायांनी झिजून गुडघाभर खोल झाली होती.

नाचघर म्हणे अकरा वेळा उघडलं.
सातव्या वेळी तीन नंबरच्या खाणीत स्फोट झाला.
निरोप स्वयंपाकघरापर्यंत आला आणि तिथेच बसला,
कारण बटलरला वाटलं, एवढा वॉल्ट्झ संपू दे.
मग पुढचा सुरू झाला.
लाम युक हे सांगायचा तेव्हा
हातातलं काम थांबवायचा नाही.

चाळीस साली नौदलाचं कॉलेज आलं.
आरसे उतरले, झुंबर गोणपाटात गेलं,
बाईसाहेबांच्या न्हाणीघरात रायफली.
पोरं सतरा-सतरा वर्षांची,
कॉलर मानेला मोठी.
पहिल्याच कवायतीला घोटाळा झाला:
बूट आपटला की जमीन उसळी घ्यायची,
साठ पोरं बोटभर वर उचलली जायची
आणि खाली येताना ताल चुकायचा.
एकजण फिसकला. मग अख्खी रांग.
सार्जंट मॅकॉर्क्वोडेलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.
"हिला नाचायची खोड आहे," तो म्हणाला. "मोडा."

म्हणून सुतार लेहतिनेन. माझे वडील.
तीन दिवसांची मजुरी, फरच्या चाळीस पाचरी.
चालत्या कामात पाचर मारणारे लोक
आमच्या गावात पुष्कळ होते,
पण त्याचे पैसे घेणारे वडील पहिलेच.
हातोडीच्या एका ठोक्यात एक स्प्रिंग मुकी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकच उरली,
समुद्राकडच्या तिसऱ्या खिडकीखाली.
वर कवायत संपलेली. दिवे गेलेले.
आणि कुणीतरी एकटाच,
बुटांसकट,
एक दोन तीन, एक दोन तीन.
वडील पाठीवर पडून राहिले.
वरची फळी त्यांच्या नाकाशी येऊन
परत जात होती.

चाळिसावी पाचर ते घरी घेऊन आले.
आमच्या स्वयंपाकघराचं दार वाऱ्यानं आपटायचं,
त्याखाली ती पुढे पन्नास वर्षं होती.

आता तिथे सोनेरी अक्षरांचा फलक आहे.
अटलांटिकमध्ये गेलेली एकोणीस नावं.
नाचणारा त्यात होता की नव्हता
वडिलांना कधी कळलं नाही.
त्यांनी त्याचं तोंड पाहिलंच नव्हतं,
फक्त टाचा ऐकल्या होत्या.

वर्षातून एकदा दरवाजे सगळ्यांना उघडे असतात.
मी काठी टेकत तिसऱ्या खिडकीशी गेले,
पाय ठेवला.
जमिनीनं मला हलकेच उचललं,
सत्त्याऐंशी वर्षांची, गुडघ्यांसकट.

एक कॅडेट मुलगी धावत आली.
"जपून, आजी. इथे जागा सैल आहे.
आम्ही सगळे ती चुकवूनच चालतो."
"सगळे?"
तिनं मागे वळून पाहिलं. सार्जंट लांब होता.
"कवायतीत," ती म्हणाली.

पर्समध्ये पाचर होती.
परत करायची म्हणून शोधून, पुसून आणलेली.
तशीच घेऊन आले.
दार आपटतंय अजून.