मोतिया

डॉक्टरांनी विचारलं, लांबचं हवं की जवळचं?
मी गिऱ्हाइकाला विचारते तसंच अगदी,
कॉटन हवं की टू बाय टू.
मी म्हटलं, हातभर.
रानडे रोडला माझं मॅचिंग सेंटर आहे,
त्याच्या काउंटरची रुंदी आहे तेवढं.
पलीकडे साडी घेऊन आलेली बाई, अलीकडे मी,
मधे पदर.
ते हसले. पांगमबाई, ह्या भिंगात एकच अंतर बसतं.
सगळी बसतात ते तिप्पट किमतीचं,
आणि त्यात रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात काहींना.
मी लांबचं घेतलं. स्वस्त होतं.

पंधरा मिनिटं, भूलही नुसत्या थेंबांची.
वर एक पांढरा चौकोन हलत होता,
तळाशी बसून पाण्याकडे बघावं तसा.
घरी येताना पाकिटात एक कार्ड,
माझं नाव आणि पुढे साडेएकवीस.

आठवड्याने दुकान उघडलं.
उजवा डोळा नवा, डावा जुनाच.
उजवा झाकला की भिंत श्रीखंडी,
डावा झाकला की तीच भिंत
निळीत बुडवून वाळत घातलेली.
समोरच्या फुटपाथवरच्या पाटीचा फोन नंबर वाचला.
सुईत दोरा मात्र गेला नाही.
कडेला एक काळी कोर येते, नखाएवढी.
डॉक्टर म्हणतात, मेंदू विसरेल तिला.
मेंदूचं माहीत नाही, मी अजून वळून बघते
कोण आलं म्हणून.

मग मोतियाचा कप्पा काढला.
अठ्ठेचाळीस पीस. त्यातले एकोणीस पांढरे.
शाळेच्या सदऱ्यासारखे सरळ पांढरे,
माझ्याच हाताने घडी घालून तिथे ठेवलेले.
काळ्यात नेव्ही ब्लू निघाला,
चिंतामणीत रामा,
आमसुलीत चक्क तपकिरी.
मी खाली स्टुलावर बसले.
किती वर्षं?
आणि बायका परत कशा येत राहिल्या?

फक्त राजाध्यक्षबाई आल्या नाहीत.
मुलीच्या लग्नाची चिंतामणी पैठणी होती.
ट्यूबखाली नको, उजेडात बघा, म्हणून
मीच त्यांना दाराशी नेलं.
त्यांनी पदर बघितला, पीस बघितला, मग माझ्याकडे बघितलं.
एकतीस वर्षांचं गिऱ्हाईक.
स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझे खरे धरले त्यांनी
आणि म्हणाल्या, फाडा.

लवूला विचारलं.
तो कात्री पुसत राहिला, स्वच्छच होती ती.
मग म्हणाला, बाई, तुम्ही दिलेला पीस
मी आत नेऊन बदलायचो.
किती दिवस?
चार दिवाळ्या झाल्या.
आणि राजाध्यक्षबाईंचा?
तेव्हा मी गणपतीला कुडाळात होतो.

मला राग यायला हवा होता.
आला तो जरा उशिरा, रात्री, भांडी घासताना,
आणि कुणावर ते कळेना.
चार वर्षं मी दाराशी उभी राहून
उजेडाची साक्ष काढत होते,
आणि आतल्या खोलीत, साठच्या बल्बखाली,
एक माणूस गुपचूप माझं दुकान सांभाळत होता.

पुढच्या महिन्यात डावा.
डॉक्टर पुन्हा विचारतील, लांबचं की जवळचं.
ह्या वेळी जवळचं सांगणार आहे,
एका डोळ्याने रस्ता, एका डोळ्याने दोरा,
मेंदू काय जुळवायचं ते जुळवेल.
म्हणतात, जुळवतो. सगळ्यांचा नाही जुळवत.

तोवर डावा झाकून बघते, मग उजवा.
शेवटचे काही दिवस आहेत त्या पिवळ्याचे.
त्यात माझे हात गव्हाळ दिसतात,
नव्यात हिरव्या शिरा, डाग, सगळं.

काल एक मुलगी अबोली साडी घेऊन आली.
मी पहिल्या झटक्यात पीस काढला, बरोबर, अगदी बरोबर.
लवूने तो उचलला, सवयीने आत नेला,
आणि फाडल्याचा आवाज यायला
नेहमीएवढाच वेळ लागला.