सात नंबर

नाइट संपवून येते तेव्हा
युनिफॉर्मवरच जुना गाऊन चढवते
आणि झोपायच्या आधी तासभर
उकिडवी बसते वांग्यांत.
भांडुपला, क्वार्टर्सच्या मागे, पाइपलाइनच्या कडेला
आखून दिलेले अकरा तुकडे.
माझा सहा. सात बेंडखळ्यांचा.

बेंडखळे चावीवाले होते पाणीखात्यात.
तीस वर्षं पहाटे साडेतीनला उठून
अर्ध्या वॉर्डाचं पाणी सोडलं त्यांनी
चावीचे आटे मोजत.
खुरपंही तसंच चालवायचे, मोजून.
मला म्हणाले होते पहिल्याच श्रावणात,
"सिस्टर, लव्हाळा वरून उपटू नका.
पान म्हणजे त्याची नुसती पावती.
खाली गाठ. गाठीखाली दोरा.
दोऱ्याच्या टोकाला दुसरी गाठ."
मी उपटत राहिले.
चार दिवसांत वाफा पुन्हा हिरवागार,
माझ्या तोंडावर.

मग शिकले.
हरळी एप्रिलच्या उन्हात उलथून ठेवायची, वाळली की वेचायची.
गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून
(आमच्या स्टोअरमधले, एकच जोडी, कुठे बोलू नका).
घोळ फेकायची नाही, डाळीत टाकायची.
केना बांधावर ठेवायचा, भज्यांपुरता.
टाकळा कोवळा असेतो भाजी,
शेंग धरली की वैरी.

मेमध्ये बेंडखळे न्हाणीत घसरले. खुबा मोडला.
मुलगी घेऊन गेली पनवेलला, तिसऱ्या मजल्यावर.
जुलैत सात नंबर कमरेएवढा.

खरं सांगते, आधी रागच आला.
त्यांचं बी माझ्या भेंडीत येणार,
लव्हाळ्याला कुठे कळतात सहा आणि सात.
म्हणून बांध ओलांडून हातभर आत गेले,
स्वतःसाठीच.
मग आणखी हातभर.
गवताच्या पोटात पाच मिरच्या सापडल्या,
उन्हावाचून काडीसारख्या, फिकट, उभ्या.

त्याच आठवड्यात करंबेळकर वही घेऊन आले.
"तीन महिने पडीक राहिला
की तुकडा यादीतल्या पुढच्याला."
पडीक कुठाय, मी म्हटलं.
येतात की ते. दुपारी येतात,
तुम्ही जेवून आडवे असता तेव्हा.
त्यांनी मिरच्यांकडे पाहिलं, माझ्या नखांकडे पाहिलं,
वहीत काहीतरी लिहिलं.

तेव्हापासून दोन वाफे.
गुडघ्यांनी तक्रार केलीय, रजेचा अर्ज मंजूर नाही.
वॉर्डात पहाटे सलाइनचे थेंब मोजताना
बोटांच्या चिरांत माती दिसते,
कितीही घासली तरी.

रविवारी फोन येतो.
पायाचं विचारलं तर "आहे" म्हणतात
आणि लगेच,
"लव्हाळा?"
"गेला सगळा."
पलीकडे बराच वेळ काही नाही.
कुकरची एक शिट्टी.
मग हसू.
"सिस्टर, पेशंटशीही असंच बोलता का?"

बोलते, कधीकधी.

आज सकाळी सातमध्ये वीतभर खाली गेले
दोरा तुटू न देता.
सहा गाठी निघाल्या, काळ्या, नागरमोथ्याच्या वासाच्या.
उन्हाची तिरीप होती तेवढ्यात पत्र्यावर पसरल्या.
सातवी खालीच आहे. असू दे.
आता झोपते.
दोनला उठायचंय,
बेंडखळे येतात ना त्या वेळी.